धोक्याचा बावटा पहिल्यांदा कोणी लावला? ॲडमिरल रॉबर्ट फिट्झरॉय (१८०५–१८६५)

खाडीपलीकडे (धागा)

आमच्या घरी हवामानाची बातमी रेडिओच्या आधी बंदरावरून यायची. "तीन नंबर लागला" असं ओरडत कोणीतरी वाडीत शिरायचं आणि आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून ओट्यावर यायची. बाबा तांडेल. बोट खाडीत असली तर प्रश्न नसायचा. बाहेर असली की ओट्यावर रात्रभर दिवा. रत्नागिरीकडे बंदराचा बावटा म्हणजे नुसता झेंडा नव्हे. बंदरावरच्या काठीवर चढवायचे काळे शंकू आणि नळकांडी, अंधार पडला की त्यांच्या जागी दिवे.

गेल्या पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवली होती, बाबा जाळं विणत बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "हे पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आलं असेल गं?" मी शोधायला बसले आणि एका माणसापाशी येऊन थांबले. महिनाभर दुसरं काही वाचलं नाही.

रॉबर्ट फिट्झरॉय. बहुतेकांना तो 'डार्विनला जगभर फिरवून आणणारा बीगलचा कप्तान' म्हणून ठाऊक असतो. डार्विनच्या गोष्टीत तो दोन पानं येतो, चिडका आणि धार्मिक म्हणून, आणि जातो. मला त्याची गोष्ट त्याच्या बाजूने सांगायची आहे, कारण समुद्रावर जाणाऱ्या माणसाला वादळाची आगाऊ खबर देणं हे सरकारचं काम आहे, हे त्याने जन्मभर धरून ठेवलं आणि त्यासाठी स्वतःला संपेपर्यंत झिजवलं.

जन्म ५ जुलै १८०५, सफकमधल्या ॲम्प्टन हॉलमध्ये. घराणं थेट राजा दुसऱ्या चार्ल्सच्या अनौरस मुलापर्यंत जाणारं; फिट्झरॉय या नावाचा अर्थच राजाचा मुलगा. बाराव्या वर्षी पोर्ट्समथच्या नौदल विद्यालयात दाखल. १८२४ च्या लेफ्टनंटच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण, आणि असे गुण मिळवणारा तो पहिलाच. पुढे तो दक्षिण अमेरिकेच्या ताफ्यात ॲडमिरल ऑटवेंचा फ्लॅग लेफ्टनंट, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, झाला, 'गँजेस' या जहाजावर. हे ८४ तोफांचं जहाज १८२१ मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, वाडियांच्या देखरेखीखाली. म्हणजे ज्या डेकवरून उतरून तो बीगलवर गेला, ते आपल्या सुतारांच्या हातचं होतं.

आता बीगल. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी मॅगेलनच्या सामुद्रधुनीची मोजणी करत असताना तिच्या आधीच्या कप्तानाने, प्रिंगल स्टोक्सने, त्या थंड, ओल्या, उजाड किनाऱ्यावर १८२८ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. रिओमध्ये ऑटवेंनी जहाज फिट्झरॉयच्या हाती दिलं. वय २३.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस डार्विनला भेटल्याचा नाही. तो आहे ३० जानेवारी १८२९. जहाजाचा ताबा घेऊन जेमतेम दीड महिना झाला होता. प्लेट नदीच्या मुखाजवळ, माल्दोनादोसमोर, पाम्पेरो नावाचं वादळ आलं. तिकडच्या मैदानांवरून समुद्रावर एकदम कोसळणारा वारा असतो तो. बॅरोमीटरचा, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्राचा, पारा आधीपासून उतरत होता. फिट्झरॉयने तो पाहिला होता आणि त्याचं म्हणणं मनावर घेतलं नव्हतं. बीगल इतकी आडवी झाली की उलटणार असंच वाटलं. डोलकाठ्या मोडल्या. शिडं आवरायला वर चढलेले दोन खलाशी समुद्रात पडून बुडाले.

ती दोन माणसं त्याने पुढे कुणावर ढकलली नाहीत. चूक माझी, असंच तो मानत राहिला. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. तांडेलाला पारा म्हणजे काय ते कळतं.

दुसरी सफर (१८३१ ते १८३६) डार्विनमुळे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. २७ डिसेंबर १८३१ ला प्लिमथहून निघाले, २ ऑक्टोबर १८३६ ला फॅलमथला परतले. फिट्झरॉय २६ वर्षांचा, डार्विन २२ चा. त्या सफरीत बोफर्टची वाऱ्याची मोजपट्टी रोजच्या नोंदींसाठी वापरली गेली. त्याने केलेले दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याचे नकाशे पुढच्या कित्येक पिढ्या वापरत राहिल्या.

१८५४ मध्ये इंग्लंडच्या व्यापार मंडळात हवामानाचं एक छोटं खातं सुरू झालं. फिट्झरॉय प्रमुख, हाताखाली तीन माणसं. आज ब्रिटनचं 'मेट ऑफिस' म्हणतात ते हेच. काम फक्त नोंदी गोळा करायचं होतं: जहाजांच्या कप्तानांना तपासलेली उपकरणं द्यायची, त्यांच्या वह्या परत घ्यायच्या, आकडे मांडायचे. भाकीत करा असं कोणी सांगितलंच नव्हतं. पण त्याने गरीब मासेमारी गावांना बॅरोमीटर वाटायला सुरुवात केली. बंदरावर भिंतीत बसवलेला, जाता-येता कोणालाही वाचता येईल असा. स्कॉटलंडच्या काही बंदरांत ते आजही दिसतात.

मग आलं १८५९. २५ आणि २६ ऑक्टोबरच्या रात्री 'रॉयल चार्टर' हे मेलबर्नहून लिव्हरपूलला येणारं जहाज वेल्समधल्या अँगलसीच्या खडकांवर आपटून फुटलं. ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून सोनं घेऊन परतणारी माणसं होती त्यावर. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली, तीही घरापासून एका दिवसाच्या अंतरावर. त्याच वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर १३३ जहाजं बुडाली.

फिट्झरॉयने त्या वादळाचे तासातासाचे आकडे गोळा करून नकाशे काढले आणि दाखवून दिलं की वादळाची वाट माग काढण्यासारखी होती. तार वाऱ्यापेक्षा वेगाने धावते, एवढाच साधा हिशेब. एका बंदरात वादळ पोचलं की पुढच्या बंदराला तारेने कळवायचं. फेब्रुवारी १८६१ पासून त्याने हे सुरू केलं. लंडनहून तार गेली की बंदरातल्या काठीवर शंकू चढायचा. टोक वर असेल तर उत्तरेकडचं वादळ, टोक खाली असेल तर दक्षिणेकडचं. ढोलासारखं नळकांडं असेल तर एकामागून एक वादळं. रात्री त्याच आकारात कंदील.

ज्या शंकूकडे बघून माझी आई ओट्यावर यायची, तो तिथला आहे.

त्याच्या शेवटाबद्दल आत्ता लिहीत नाही. लिहायला बसले आणि दोनदा उठले. कोणी विचारलं तर खाली लिहीन.

---

आगबोट

फार मनापासून लिहिलं आहेत. मी २२ वर्षं मर्चंट नेव्हीत आहे, आता मास्टर, म्हणजे कप्तान, म्हणून. युरोपकडे जाताना बीबीसीवर बोटींसाठीचं हवामान ऐकायची आम्हाला सवय असते. त्यात समुद्राचे भाग नावाने सांगतात. बिस्केच्या उपसागराच्या पश्चिमेचा, स्पेनच्या टोकाचा एक भाग पूर्वी 'फिनिस्टर' म्हणून ओळखला जायचा. २००२ मध्ये त्याचं नाव बदलून 'फिट्झरॉय' केलं. त्या यादीतलं माणसाच्या नावाचं ते एकटंच नाव आहे. थर्ड मेट असताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते एखाद्या खडकाचं नाव वाटलं होतं.

पाऱ्याबद्दल एक सांगतो. बॅरोमीटर कसा वाचावा याची त्याने खलाशांसाठी सोप्या भाषेत पुस्तिका काढली होती. त्यातलं एक सूत्र आम्हाला जुन्या कप्तानांनी तोंडपाठ करायला लावलं: इशारा लवकर मिळाला तर वादळ लांबतं, ऐनवेळी मिळाला तर लवकर सरतं. पारा सावकाश उतरत राहिला की मोठं काहीतरी येतंय. झपकन उतरला की जोरात येईल पण टिकणार नाही. आज ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, चार स्क्रीन असतात, उपग्रहाचं चित्र दर काही तासांनी येतं. तरी दर वॉचला (पाळीला) बॅरोमीटरचा आकडा लॉगबुकात हाताने लिहिल्याशिवाय मी कोणाला खाली जाऊ देत नाही.

---

रानजाई

लेख वाचताना गुंतले, पण एक गोष्ट तुम्ही गाळलीत आणि ती गाळण्यासारखी नाही. पहिल्या सफरीत त्याने टिएरा डेल फ्यूगोची (दक्षिण अमेरिकेच्या टोकाची बेटं) चार माणसं उचलून इंग्लंडला नेली. त्यांतली एक नऊ वर्षांची मुलगी होती. यावर काही लिहिणार आहात की नाही?

---

खाडीपलीकडे

रानजाई, लिहिणार. गाळायचं नव्हतं, पहिल्याच लेखात दोन ओळींत उरकणं बरं वाटलं नाही.

फेब्रुवारी १८३० मध्ये मोजणीला गेलेली बीगलची एक लहान होडी तिथल्या लोकांनी पळवली. फिट्झरॉय ती शोधत बेटाबेटांवर हिंडला. होडी परत मिळावी म्हणून त्याने माणसं ओलीस धरली. होडी मिळाली नाही, माणसं जहाजावर राहिली. एलेपारू आणि योकुशलू ही मुलगी यांना खलाशांनी 'यॉर्क मिन्स्टर' आणि 'फ्यूजिया बास्केट' ही नावं दिली. ओरुंडेलिको या मुलाला होडीत घेताना त्याच्या माणसांना शिंपल्याचं एक बटण दिलं, म्हणून त्याचं नाव 'जेमी बटन'. चौथ्याला ते 'बोट मेमरी' म्हणत. त्याचं खरं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. इंग्लंडला पोचल्यावर काही आठवड्यांतच तो देवीच्या रोगाने गेला.

यात कुठलीही बाजू सावरण्यासारखी नाही. माणसं पळवली, हे सरळ आहे. त्यांना वॉल्थमस्टोच्या शाळेत घातलं, इंग्रजी शिकवलं, राजा-राणीला भेटवलं, यानेही ते बदलत नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या नावावर लिहिली पाहिजे. त्यांना परत नेऊन सोडण्याचा शब्द त्याने दिला होता. नौदल दुसरी सफर काढायला तयार नाही असं दिसल्यावर त्याने स्वतःच्या खिशातून एक खाजगी जहाज ठरवलं होतं. शेवटी बीगल मिळाली आणि जानेवारी १८३३ मध्ये तिघांना वुलाया या ठिकाणी उतरवलं. सोबत एक तरुण मिशनरी होता. काही दिवसांतच त्याचं सामान लुटलं गेलं आणि त्याला परत आणावं लागलं. वर्षभराने बीगल पुन्हा तिकडे गेली तेव्हा जेमी होडीतून भेटायला आला. हाडं निघालेली, अंगावर कपडे नाहीत. जहाजावर जेवायला बसला तेव्हा काटा-चमचा बरोबर धरला. पुन्हा इंग्लंडला येतोस का, असं विचारल्यावर नको म्हणाला. त्याचं लग्न झालं होतं. बीगल निघाली तेव्हा त्याने किनाऱ्यावर निरोपाची आग पेटवली.

ती आग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याचं घर त्याच्याकडून हिरावून घेणाऱ्या माणसासाठी त्याने ती का पेटवली असेल, हे मला सांगता येणार नाही.

---

रानजाई

धन्यवाद. हे मूळ लेखातच यायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं. लेख आवडला आहेच.

---

वेधशाळेतला

मी हवामान खात्यात ३४ वर्षं निरीक्षक होतो, आता निवृत्त. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फिट्झरॉयची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. किनाऱ्यावरच्या ठरावीक ठिकाणांहून रोज सकाळी तारेने आकडे लंडनला यायचे: हवेचा दाब, तापमान, वाऱ्याची दिशा आणि जोर, आभाळ, समुद्राची अवस्था. ते एकाच नकाशावर मांडायचे. एका क्षणी सगळीकडे काय आहे ते एकत्र पाहणं, हीच त्यातली खरी नवी गोष्ट. आम्ही नोकरीला लागलो तेव्हाही दाबाच्या रेषा पेन्सिलीने हाताने काढायचो, आणि ते काम मुळात हेच होतं.

१ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याने केलेला पहिला रोजचा हवामान अंदाज छापून आला. इंग्रजीतला 'फोरकास्ट' हा शब्द हवामानासाठी त्यानेच रूढ केला. 'भविष्य' किंवा 'भाकीत' हे शब्द त्याला नको होते. निरीक्षण आणि गणित यांवरून काढलेलं मत, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मराठीत आपण 'अंदाज' म्हणतो. तो शब्द मला त्याच्या मनाच्या फार जवळचा वाटतो.

त्याचे अंदाज चुकायचे, बरेच चुकायचे. कारण उघड आहे. ब्रिटनचं हवामान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येतं. समुद्रात तारघर नव्हतं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पारा उतरेपर्यंत पलीकडे काय शिजतंय हे कळायला कुठलाच मार्ग नव्हता. आज एका दिवसाचा अंदाज सहज बरोबर येतो, त्यामागे समुद्रातले तराफे, विमानं, उपग्रह आहेत. त्याच्याकडे मूठभर तारा होत्या.

आता आपल्याकडचं. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर महाभयंकर चक्रीवादळ आलं. हुगळीतून पाण्याची भिंत आत शिरली, जहाजं उचलून किनाऱ्यावर टाकली. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था सुरू झाली. फिट्झरॉय गेला तेच हे वर्ष. १८६६ आणि १८७१ मध्ये पाऊस फसला. हे सगळं जमून १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं.

बावट्यांच्या नंबरांबद्दल लोकांमध्ये गैरसमज असतो, म्हणून सांगतो. एक आणि दोन नंबर म्हणजे लांब समुद्रात काहीतरी आहे, बंदराला लगेच धोका नाही, पण बाहेर पडणाऱ्या जहाजांनी जपावं. तीन आणि चार नंबर खुद्द बंदरासाठी. म्हणून कोकणात तीन नंबर लागला की मासेमारी थांबते. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका. अकरा नंबरचा अर्थ मला नेहमी सर्वात भीषण वाटत आला आहे: इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

---

घड्याळजी

माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा, म्हणून एकच भर घालतो. दुसऱ्या सफरीवर बीगलवर २२ क्रोनोमीटर, म्हणजे समुद्रावर वापरायची अचूक घड्याळं, होते. त्यातले काही त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले. ते भुशात बसवून एका वेगळ्या खोलीत ठेवले होते आणि रोज ठरलेल्या वेळी त्यांना चावी द्यायला एक माणूस नेमला होता. रेखांश मोजायचा तर घरची वेळ अचूक बरोबर हवी. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून सगळ्या टप्प्यांमधल्या वेळेच्या फरकांची बेरीज केली तेव्हा ती २४ तासांऐवजी २४ तास ३३ सेकंद आली. पाच वर्षं, सगळे महासागर, उष्ण आणि थंड सगळं हवामान, आणि चूक तेहतीस सेकंदांची. हाताने बनवलेल्या यंत्रांकडून याहून जास्त काय मागायचं?

---

सागरगोटा

छान धागा. डार्विनच्या विरोधात बायबल उंचावणारा तो हाच ना? मग विज्ञानाचा माणूस कसा म्हणायचा?

---

खाडीपलीकडे

हो, हाच. ३० जून १८६०, ऑक्सफर्डची ती गाजलेली सभा. डार्विन स्वतः तिथे नव्हता. फिट्झरॉय त्या अधिवेशनाला आला होता तो ब्रिटनच्या वादळांवरचा आपला निबंध वाचायला. हे सहसा कोणी सांगत नाही. उत्क्रांतीवर वाद पेटला तेव्हा तो उठला, हातात बायबल धरलं आणि डार्विनचं पुस्तक आल्याचं आपल्याला दुःख आहे असं म्हणाला.

मला ते दृश्य वाचताना त्याची कीव येत नाही, वाईट वाटतं. हा माणूस त्या पुस्तकाला स्वतःच्या जहाजावरून घेऊन आला होता. पाच वर्षं एका टेबलावर जेवले होते दोघे. गुलामगिरीवरून भांडले, पुन्हा बोलू लागले. त्याची श्रद्धा खरी होती आणि त्याचे आकडेही खरे होते. चिलीत फेब्रुवारी १८३५ च्या भूकंपानंतर सांता मारिया बेट समुद्रातून किती वर उचललं गेलं हे त्याने काळजीपूर्वक मोजलं, आणि डार्विनने आपल्या भूगर्भाच्या मांडणीत ते मोजमाप वापरलं. डार्विनबाबत तो चुकला. पण विज्ञान त्याच्यात नव्हतं, असं म्हणणं मला पटत नाही.

---

ऑकलंडकर

मी १९९८ पासून इथे आहे. न्यूझीलंडच्या इतिहासात फिट्झरॉयचं नाव अयशस्वी गव्हर्नर म्हणून येतं. डिसेंबर १८४३ मध्ये तो आला, तेव्हा वायराऊची चकमक होऊन सहा महिने झाले होते. जमिनीची मोजणी जबरदस्तीने पुढे रेटण्याच्या वादात २२ गोरे मारले गेले होते. वसाहतवाल्यांना माओरी प्रमुख ते राउपराहावर सूड हवा होता. फिट्झरॉयने दोन्ही बाजू ऐकल्या आणि चूक आपल्याच लोकांची होती, असा निकाल दिला. कोणावर कारवाई केली नाही. गोरे लोक हे कधीच विसरले नाहीत.

पैसा नव्हता, सैन्य नव्हतं, लंडनहून पत्र यायला महिने लागायचे. उत्तरेत होने हेकेने ब्रिटिश झेंड्याची काठी पुन्हा पुन्हा तोडली, १८४५ मध्ये लढाई सुरू झाली आणि त्याच वर्षी त्याला परत बोलावलं. राज्यकारभारात त्याच्याकडून चुका झाल्या, हे खरं. पण वायराऊचा निकाल बरोबर होता असं आज इथले बरेच जण मानतात, मीही.

---

गोदीवाला

गँजेसचा उल्लेख वाचून बरं वाटलं. आमचे आजोबा माझगावात होते. मुंबईत बांधलेलं त्याच काळातलं एक जहाज अजून पाण्यावर आहे, १८१७ चं 'ट्रिंकोमाली', इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. फिट्झरॉयचा तिच्याशी संबंध नाही, पण तो गँजेसवर ज्या सागवानावर उभा होता ते कसं असेल हे बघायचं तर तिथे जा.

---

सागरगोटा

शेवटाबद्दल विचारतोय. तुम्ही म्हणाला होतात विचारलं तर लिहीन.

---

खाडीपलीकडे

लिहिते.

त्याला मनाचे गडद काळ येत आणि त्याला ते ठाऊक होतं. आईच्या बाजूचा त्याचा मामा, परराष्ट्रमंत्री कॅसलरी, १८२२ मध्ये आत्महत्या करून गेला होता. तेच आपल्या रक्तात असेल ही भीती त्याने मनात बाळगली होती. स्टोक्सच्या जागी त्याच जहाजावर त्याच किनाऱ्यावर तो पुन्हा निघाला. कप्तानाला जहाजावर बरोबरीचं बोलायला कोणी नसतं, म्हणूनच त्याने सोबतीला एक शिकलेला माणूस मागितला होता. डार्विन त्या एकटेपणाच्या भीतीतून जहाजावर आला.

१८३४ मध्ये वाल्पाराइसोला तो एकदा पूर्ण कोसळला. मोजणीचं काम वेगाने व्हावं म्हणून त्याने स्वतःच्या पैशाने एक स्कूनर (शिडाचं जहाज) घेतली होती. नौदलाने खर्च नाकारून वर ताशेरे मारले. ती विकावी लागली. तो काही दिवस कोणाशी बोलेना, कप्तानपदाचा राजीनामा दिला. त्याच्या लेफ्टनंटने, विकमने, समजूत घालून त्याला परत उभं केलं. तसं समजावणारं माणूस त्याला नंतर मिळालं नाही.

१८६१ नंतरची चार वर्षं त्याने रोज इशारे आणि अंदाज काढले. चुकला की वर्तमानपत्रात टवाळी. ज्या 'टाइम्स'ने अंदाज छापले, त्यानेच १८६४ मध्ये त्यांच्या अपयशाची जबाबदारी झटकली. शास्त्रज्ञ म्हणत याला सिद्धांताचा पाया नाही. मासेमारी ताफ्यांच्या मालकांची तक्रार वेगळी: शंकू चढला की माणसं बाहेर पडत नाहीत, दिवस बुडतो. घरचा पैसा तर कामात केव्हाच गेला होता. कानाला कमी ऐकू यायला लागलं, झोप उडाली. ३० एप्रिल १८६५, रविवारची सकाळ. लंडनच्या दक्षिणेला अपर नॉरवुडच्या घरी, बायको-मुलं घरात असताना, त्याने स्वतःचा जीव घेतला. वय ५९.

मागे कर्ज होतं. बीगलवरच्या त्याच्या जुन्या सहकाऱ्याने, सलिव्हनने, कुटुंबासाठी निधी जमवला. डार्विनने त्यात १०० पौंड घातले.

पुढचं वाचून मला राग आला होता. १८६६ मध्ये एका समितीने अहवाल दिला आणि अंदाज बंद झाले, बंदरांचे इशारेसुद्धा बंद. किनाऱ्यावरून इतका आरडाओरडा झाला की १८६७ मध्ये इशारे पुन्हा सुरू करावे लागले. वर्तमानपत्रातले अंदाज मात्र १८७९ पर्यंत आले नाहीत.

---

आगबोट

हे वाचून जहाजावरचे काही चेहरे आठवले. आमच्या धंद्यात चार-सहा महिने एकाच केबिनमध्ये माणूस आतल्या आत काय सोसतो, ते बाजूच्याला कळत नाही. विकमसारखा कोणी जहाजावर असणं फार मोठी गोष्ट आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरचं माणूस बोटीवर असेल तर फोनवर फक्त पगाराची चौकशी करू नका.

---

पागोळी

फयान चक्रीवादळाच्या वेळी (नोव्हेंबर २००९) माझा मामा बाहेर होता. त्यांच्या बोटीवर वायरलेस नव्हता. बंदरावर बावटा लागला होता, पण दोन दिवस आधी निघालेल्या माणसाला तो कसा दिसणार? मामा दुसऱ्या दिवशी देवगडला लागला. त्याच्या गावचे तिघे परत आले नाहीत. त्यानंतर गावातल्या प्रत्येक बोटीने वायरलेस घेतला, काहींनी घरचं सोनं गहाण टाकून. फिट्झरॉयच्या तारांबद्दल वाचताना हेच आठवत होतं. काठी किनाऱ्यावरच उभी असते, खबर पाण्यापर्यंत न्यावी लागते.

---

वेधशाळेतला

पागोळी, अगदी खरं. २०२० च्या निसर्गच्या वेळी आणि २०२१ च्या तौक्तेच्या वेळी मोबाइलवर, वायरलेसवर इशारे गेले, बोटी आधीच आत आल्या. तरी तौक्तेत मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्राजवळचा तराफा बुडून किती माणसं गेली ते आपण पाहिलं. इशारा होता. खबर पोचल्यावर बाहेरच्या माणसाला आत आणायचं कोणी ठरवायचं, हा प्रश्न फिट्झरॉयच्या वेळी होता तसाच आहे.

---

क्रॉयडनची

त्याची कबर माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे आणि मला हे आजवर माहीत नव्हतं! अपर नॉरवुडचं ऑल सेंट्स चर्च. माझ्या मुलाची शाळा त्याच बाजूला. शनिवारी जाऊन फोटो काढून इथे टाकते. खाडीपलीकडे, तुम्हाला कुठले हवेत ते सांगून ठेवा.

---

खाडीपलीकडे

क्रॉयडनची, खूप खूप आभार. दगडावर बायबलमधली वाऱ्याची ओळ कोरलेली आहे: वारा दक्षिणेकडे जातो, उत्तरेकडे वळतो, गरगर फिरत राहतो आणि आपल्याच वाटेने परत येतो. ती अक्षरं वाचता येतील असा एक फोटो हवा.

काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं, तुमचे सगळ्यांचे प्रतिसादही. मालकांच्या तक्रारीपाशी त्यांनी थांबवलं. "आणि बंद पडल्यावर परत चालू करा म्हणून कोण ओरडलं?" मी म्हटलं, बंदरावरची माणसं. त्यांनी जाळ्याची सुई उचलली, दोन-चार गाठी मारल्या आणि म्हणाले, "वाच पुढे."

फोटो जमल्यास चारही बाजूंनी काढा. बाबांना दगड केवढा आहे ते बघायचं आहे.